बारावा वाफा

काट्यावर पाच किलोचं माप ठेवून नाना आकड्याकडे बघत होते. मे महिन्यातला रविवार होता, सकाळचे साडेसहा. मी नाशिकहून स्कूटरवर मळ्यात पोचले तेव्हा त्यांनी खांद्यावरच्या टॉवेलने काट्याची काच पुसली, माप उचललं, परत ठेवलं, आणि आकडा दोन्ही वेळा सारखा आला तेव्हा कुठे माझ्याकडे पाहिलं.

"आल्या लायब्ररीवाल्या बाई," ते म्हणाले. "आज पुस्तकं नाय उचलायची. संध्याकाळी हात दुखले तर मला सांगू नको."

मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. माझे वडील, नाना, गिरणाऱ्याच्या अलीकडे चाळीस वर्षं भाजीपाला पिकवत होते, आणि त्या उन्हाळ्यात त्यांनी डांगरांची परीक्षा मांडली होती. लाल भोपळ्याला आमच्याकडे डांगर म्हणतात. पितरांच्या पंधरवड्यात नाशिकच्या घराघरांत त्याची भाजी लागते, आणि त्या बाजारासाठी जूनच्या पहिल्या आठवड्यात बी टाकावं लागतं. गावातल्या त्यांच्या गटात अकरा शेतकरी. दर वर्षी प्रत्येक जण वेगळं बी आणी आणि पुढे वर्षभर दुसऱ्याच्या बियाण्याला नावं ठेवी. नाना म्हणाले, एकदा शेजारी शेजारी लावून बघू, म्हणजे भांडण मिटेल.

वाण चार होते. एक कंपनीचं संकरित, एक विद्यापीठाचं, एक मामाने चांदवडहून आणून दिलेलं, आणि एक घरचं, आजीच्या हातचं, चपटं आणि खोल फाकांचं. प्रत्येकाचे तीन, असे बारा वाफे. कोणता वाण कुठे, हे चिठ्ठ्या टाकून ठरवायचं होतं. जानेवारीत चिठ्ठ्या मी उचलल्या. बारावा वाफा आंब्याच्या झाडाला लागून होता, दुपारनंतर तिथे ऊन नसायचं. नेमकी तिथे घरच्या बियाण्याची चिठ्ठी निघाली. आई म्हणाली, बदला की, तुमच्याशिवाय कोण बघतंय. नानांनी चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली. "मग चिठ्ठ्या कशाला टाकल्या? आपलं मन लबाड असतं. घरच्याला बरोबर उन्हातली जागा देतं."

फळ लिंबाएवढं झालं की ते बाभळीच्या काट्याने त्यावर वाफ्याचा नंबर कोरत. फळ वाढेल तसा नंबरही वाढे, खपली धरून वर येई. पिकल्यावर तो डोळे मिटून बोटानेही वाचता येत असे.

तर त्या रविवारी तोलायचं होतं. एकेका वाफ्याची फळं आणायची, प्रत्येकावर देठाजवळ मार्करने अनुक्रम टाकायचा, एकेक फळ काट्यावर ठेवायचं आणि वजन रजिस्टरात लिहायचं. नाना ठेवत, मी लिही. प्रत्येक वाफ्याचं एक फळ ते बाजूला काढत आणि पडवीत पेंढ्यावर मांडत. तीन आठवड्यांनी ती कापून गर, रंग आणि गोडी बघायची होती, कोणतं टिकतं आणि कोणतं आतून सुटतं तेही.

न्याहारीला आईने एक फुटकं डांगर मागितलं. आमच्याकडे अख्ख्या डांगराला बाई पहिली सुरी लावत नाही. का, ते कुणी सांगत नाही. मी लहानपणी विचारलं होतं तेव्हा आजीने नुसतं "नसतं लावत" एवढंच सांगितलं होतं. ते फळ तर फुटलेलंच होतं, तरी आई सुरी घेऊन बांधापर्यंत आली. नानांनी टोक खुपसून बोटभर चीर दिली आणि सुरी परत तिच्या हातात ठेवली. "घ्या, आता तुमचं राज्य." हे वाक्य मी चाळीस वर्षं ऐकत आले होते. त्या दिवशी ते ऐकताना मी फोनवर वेळ बघत होते.

संध्याकाळी पाच वाजता शहरात आमच्या वाचकमंडळाची बैठक होती. मी आत्मचरित्रांवर बोलणार होते. मला घरी जाऊन अंघोळ करायची होती, टिपणं पुन्हा वाचायची होती. अकरा वाफे होईपर्यंत एक वाजला. तेवढ्यात वीज आली आणि नानांना मोटर सुरू करायला विहिरीकडे जावं लागलं. जाताना म्हणाले, बाराचा तू एकटी कर, चौदा फळं हायेत, हलकीच हायेत.

मी चौदाही फळांवर अनुक्रम टाकले. पहिली चार तोलली. तीन किलो चारशे, तीन शंभर, दोन आठशे, तीन तीनशे. पाचवं उचललं आणि खाली ठेवलं.

पुढचं मी स्वतःला अनेक प्रकारे सांगून पाहिलं आहे. ऊन होतं. पाठ भरून आली होती. चार लहान निघाली म्हणजे उरलेली मोठी असतील, असं मी धरलं. आणि हेही खरं, की घरचं पुढे यावं अशी नानांची इच्छा होती, त्यांनी ती दाबून ठेवली होती आणि मला ती दिसत होती. सातव्या वाफ्यातही घरचंच बी होतं. मी त्याचं पान उघडलं आणि तिथले आकडे थोडे इकडेतिकडे करून बाराव्याखाली लिहिले. चार किलो दोनशे ऐंशी. तीन नऊशे साठ. चार सहाशे दहा. पूर्ण आकडे टाळले, एक मुद्दाम लहान ठेवला. खोट्या आकड्याला खऱ्यापेक्षा जास्त विचार लागतो. दहा आकड्यांना मला तीन मिनिटं लागली. नाना विहिरीवरून येईपर्यंत मी स्कूटर वळवली होती. पेंढ्यावर ठेवायचं बाराचं फळ तुम्हीच निवडा, एवढं मी ओरडून सांगितलं, त्यांनी हात वर केला.

सातच्या सुमारास त्यांचा फोन आला तेव्हा बैठक संपून आम्ही बाहेर चहा घेत उभे होतो. चांगलं बोललीस, असं कुणीतरी मला सांगत होतं. नानांनी बेरजा केल्या होत्या. "उजू, आपलं घरचं पुढं हाय," ते म्हणाले. "पण बाराचं मला जास्त वाटतंय. सावलीत एवढं यायला नको. उद्या सकाळी परत तोलतो."

तेव्हा सांगता आलं असतं. चारच शब्द लागले असते, आणि ते रागावले असते तरी हसतच रागावले असते. माझ्या एका हातात कप होता, आजूबाजूला माणसं होती.

"बघा तोलून," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी साडेसातला आईचा फोन आला. नाना आंब्याखाली पडले होते. दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला होता. डॉक्टर म्हणाले, हृदय आधीपासूनच थकलेलं असणार, कुठेही झालं असतं, बसल्या जागीही. डॉक्टर भला माणूस होता. त्याने ते मला दोनदा सांगितलं.

आईने सगळ्यांना सांगितलं की ते सकाळी पाणी सोडायला गेले होते. ठिबकची चावी आंब्याजवळच होती, त्यामुळे कुणी काही विचारलं नाही. काटा आदल्या दिवसापासून तिथेच राहिला असेल असं तिला वाटलं. रजिस्टर तिने टॉवेलात गुंडाळून आणलं आणि फोटोपाशी ठेवलं. येणाऱ्या बायकांना ती एकच गोष्ट सांगायची: आदल्या संध्याकाळी ते खूश होते, सासूबाईंचं बी जिंकलं म्हणून पोरीला फोन केला. "नाय का गं, उजू?" ती विचारायची. मी मान हलवायचे.

दहावा रामकुंडावर झाला, तेरावं घरी. तेराव्याच्या स्वयंपाकाला डांगर लागतंच. सखुआत्या, नानांची बहीण, मागच्या अंगणात उभी राहून विचारत होती, कोणती घ्यायची. बाकीच्या वाफ्यांची फळं नानांनी त्या रविवारीच दुपारी गटात वाटली होती. आंब्याखालची चौदा तेवढी उरली होती, ती कुणीतरी उचलून भिंतीशी रचून ठेवली होती. आत्याने त्यांच्याकडे बोट केलं. "ही तोलून झालीत ना? नायतर भाऊ वरून ओरडेल."

मी हो म्हणाले. त्या क्षणी मला कोणताही प्रश्न संपवायचा होता. मामाने पहिली चीर दिली, बायकांनी फोडी केल्या. दोनशे माणसं जेवली. मी पंक्तीत वाढत होते. भाजी बरीच गोड झाली आहे असं लोक म्हणत होते, आणि माझ्या लक्षात येत होतं की आता बारावा वाफा कुणालाच कधीही तोलता येणार नाही.

रजिस्टर मी तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी उघडलं. बाराव्या वाफ्याच्या पानावर माझ्या निळ्या शाईतल्या आकड्यांशेजारी पेन्सिलीच्या खुणा होत्या. पहिल्या चार फळांपुढे बरोबरच्या चार खुणा. पाचव्यापुढे, माझ्या चार किलो दोनशे ऐंशीच्या शेजारी, दोन नऊशे दहा. सहाव्यापुढे दोन सहाशे पन्नास. सातव्यापुढे काही नव्हतं.

म्हणजे मी कुठे थांबले हे त्यांना नेमकं कळलं होतं. मी त्या पानाकडे पुष्कळ वेळ पाहिलं. दोन नऊशे दहा हे त्यांनी नेहमीच्या अक्षरात लिहिलं होतं, दोनची शेपटी लांब. पेन्सिल दाबलेली नव्हती. अक्षरावरून माणसाचं मन ओळखण्याबद्दल मी बरंच वाचलेलं आहे. मला काहीही ओळखता आलं नाही. ते रागावले होते का, त्यांना वाईट वाटलं होतं का, की नुसते पुढचं फळ उचलायला वाकले होते.

जूनच्या तीन तारखेला गटातली माणसं येणार होती. पेंढ्यावरची फळं त्या दिवशी कापायची, रजिस्टर बघायचं आणि कोणतं बी टाकायचं ते ठरवायचं, हे नानांनीच महिनाभरापूर्वी ठरवून ठेवलं होतं. मी आदल्या दिवशी नव्या कागदांवर रजिस्टराची नक्कल केली. नानांचं अक्षर सगळ्यांना लागत नाही, असं मी आईला सांगितलं. पेन्सिलीतलं काही मी उतरवलं नाही. रजिस्टर परत टॉवेलात गुंडाळून फोटोपाशी ठेवलं.

गटातले नऊ जण आले. सगळ्यांत वडील कोंडाजीकाका, नानांचे शाळेपासूनचे सोबती, कान जड झालेले. सगळ्यांत तरुण योगेश, त्याचं शेत आमच्या खालच्या अंगाला, बांधावर त्याच्या आजोबांनी लावलेल्या चिंचांची रांग. आईने चहा दिला. नानांच्या खुर्चीवर कुणी बसलं नाही, मग ती दारात अडथळा होऊ लागली तेव्हा कोंडाजीकाकांनी उचलून बाजूला ठेवली आणि म्हणाले, हा गेल्यावरबी वाटेत बसतो. आई हसली. तीन आठवड्यांत पहिल्यांदा.

नक्कल योगेशने मोठ्याने वाचली. बेरजांपाशी आल्यावर त्याने आवाज चढवला, काकांना ऐकू जावं म्हणून. घरचं एकशे शहात्तर किलो, कंपनीचं एकशे एकाहत्तर, बाकीची दोन बरीच मागे.

"बारा नंबर म्हणजे तो आंब्याखालचा ना?" काकांनी विचारलं.

योगेश हो म्हणाला, तिथे सत्तावन्न आलं म्हणून सांगितलं. काका म्हणाले, उन्हात कोणीही पिकवील, सावलीत सत्तावन्न किलो देणारं बी त्यांनी जन्मात बघितलं नव्हतं. बाकीचे माना हलवू लागले. योगेशने कागद मांडीवर ठेवला. तो कंपनीचंच बी लावणार होता, पाकिटंही बघून आला होता. पण त्याचं निम्मं शेत दुपारी चिंचांच्या सावलीत जातं.

"मग माझं ठरलं," तो म्हणाला. "सगळं घरचंच टाकतो. नानांनी माझ्याच शेताचं गणित सोडवून ठेवलं."

आई दारात उभी होती. तिने पदर तोंडाला लावला. "ते फोनवर हेच बोलले असतील," ती स्वतःशीच म्हणाली.

मी म्हणाले, आधी फळं कापून बघू.

पडवीत पेंढ्यावर फळं ओळीने मांडलेली होती. आईने सुरी आणली. मी तिच्या शेजारी होते, पट्टी आणि कागद घेऊन, पण सुरी कोंडाजीकाकांकडे गेली. त्यांनी एक नंबरच्या फळाला टोक लावून बोटभर चीर दिली. मग सुरी उलटी करून मूठ माझ्याकडे धरली.

"तू काप. मोजलंय तू, तर तूच काप."

मी कापत गेले. काका चीर देत, मी पूर्ण फाडत असे, पट्टीने गर मोजत असे, योगेश लिहीत असे. कंपनीचं दिसायला एकसारखं होतं, गर अडीच सेंटीमीटर, रंग फिका, एकाचा मधला भाग सुटलेला. मामाच्या डांगरात नुसतं बीच फार. दोन नंबरचं घरचं उघडलं तेव्हा सगळे पुढे वाकले. गर चार सेंटीमीटर, हळदीपेक्षा गडद, कापल्या जागी पाण्याचे बारीक थेंब आले. काकांनी कच्चीच फोड तोंडात टाकली आणि डोळे मिटले. कुणीतरी म्हणालं, म्हातारीचं नाव राहिलं. ते खोटं नव्हतं. त्या फळात माझा काही हात नव्हता, ते जसं होतं तसंच होतं, आणि नानांना ते असंच हवं होतं. सात नंबरचंही तसंच निघालं.

अकरा फळं झाली. पडवीत डांगराचा कच्चा, काकडीसारखा वास भरला होता. काकांनी सुरी मागितली आणि पेंढ्याकडे बघितलं. मग त्यांनी हाताने पेंढा चाचपला, शेवटचं फळ आत दडलं असावं तसं.

"बाराचं कुठंय?"

योगेशने मोजलं. अकराच होती. आईने आत बघितलं, माळ्यावर बघितलं. सखुआत्याने तेराव्याला चुकून नेलं असेल, ती म्हणाली. मग तिलाच ते पटलं नाही. "पण ते तर लगेच काढून ठेवायचे. तोललं की काढलं. नानांचं असं राहायचं नाय."

काकांनाही पटलं नाही. ते माझ्याकडे बघत होते, आरोपाने नाही, विचारायला माणूस बघतो तसे. बारा नंबर तर तू तोललास ना, मग फळ कोणतं ठेवलं, कागदावर खूण असेल, बघ. योगेश माझी नक्कल चाळू लागला. प्रत्येक वाफ्याच्या यादीत ठेवलेल्या फळापुढे गोल होता. बाराव्यात नव्हता. नक्कल मी वाणवार केली होती, म्हणून सात नंबरची यादी बाराच्या अगदी वर होती, आणि त्याचं बोट दोन्ही याद्यांवरून खाली सरकत होतं. त्याला काही दिसेल की नाही ते मला माहीत नव्हतं. दिसलं नसतंही. मी म्हणू शकले असते, राहून गेलं, घाईत होते. कुणी दुसरा प्रश्न विचारला नसता. संध्याकाळपर्यंत नानांनी घरचं बी राखेत घालून ठेवलेली दोन मडकी फुटली असती, ते बी नऊ घरांत वाटलं गेलं असतं, आणि योगेशने ते चिंचांच्या सावलीत टाकलं असतं.

माझ्या हातात सुरी होती. ती मी पेंढ्यावर ठेवली, आत गेले, फोटोपाशी ठेवलेला टॉवेल उचलला आणि तसाच बाहेर आणला. आई म्हणाली, त्याला कशाला हात लावतेस. मी तो सोडला, रजिस्टर बाराव्या वाफ्यापाशी उघडलं आणि कोंडाजीकाकांच्या मांडीवर ठेवलं. मग माझ्या लक्षात आलं की त्यांचा चष्मा खिशातच आहे, आणि त्यांना ऐकू यायचं तर मोठ्याने बोलावं लागेल.

"काका, बारा नंबर मी तोलला नाही," मी म्हणाले. "पहिली चारच तोलली. पुढचे दहा आकडे मी सात नंबरवरून बनवले. घरचं पुढं नाही. योगेश, सावलीत तू हे टाकू नकोस."

योगेशचं बोट कागदावर तिथेच राहिलं. काकांनी पेन्सिलीच्या खुणांवर हात फिरवला, जणू त्या बोटाने वाचता येणार होत्या.

आईला अजून काही कळलं नव्हतं. ती माझ्याकडे बघून समजुतीच्या सुरात म्हणाली, असू दे गं, चुकतं माणूस. त्यांना तर नाय ना कळलं, ते खूश होऊनच गेले.

मी तिच्याकडे वळले.

"आई, नाना पाणी सोडायला गेले नव्हते. माझे आकडे तपासायला गेले होते."